नोंदवही गावाची, निर्णय कोणाचा?

गोव्यातील ग्रामसभा गाजतात त्या रस्ते, कचरा, पाणीपुरवठा आणि डोंगरमाथ्यावर येऊ घातलेल्या प्रकल्पांवरून. त्याच पंचायतीच्या अखत्यारीत आणखी एक समिती कायद्याने अस्तित्वात असते, हे मात्र सभेला बसलेल्या अनेकांना ठाऊक नसते. ती म्हणजे जैवविविधता व्यवस्थापन समिती. गावातील झाडे, तळी, पक्षी, मासे, पारंपरिक बियाणे आणि त्यांविषयीचे लोकज्ञान यांची नोंद ठेवणे, त्यांचे जतन करणे आणि त्यांच्या वापरावर लक्ष ठेवणे हे तिचे काम. सदस्यत्व हे वेतनाचे पद नव्हे. गावासाठी वेळ देणाऱ्या स्वयंसेवकांच्या बळावरच ही रचना उभी आहे. तिची आजवरची वाटचाल तपासली, तर पर्यावरण रक्षणात गावाचा शब्द किती चालतो, या मोठ्या प्रश्नाचे उत्तरही हाती लागते.

या समितीचा आधार जैवविविधता कायदा, २००२ मध्ये आहे. कायद्याच्या ४१ व्या कलमानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने आपल्या क्षेत्रात अशी समिती नेमणे बंधनकारक आहे. राज्यातील १९१ ग्रामपंचायती आणि सर्व नगरपालिका त्यात येतात. गावाच्या हद्दीतील जैविक संसाधनांविषयी राष्ट्रीय प्राधिकरणाने किंवा राज्य मंडळाने निर्णय घ्यायचा झाल्यास त्यांनी या समितीशी सल्लामसलत करावी, असे कायदा सांगतो. व्यापारी हेतूने वनस्पती किंवा अन्य जैविक साधने गोळा करणाऱ्यांकडून शुल्क आकारण्याचा अधिकारही तो समितीला देतो. कागदावर पाहिले तर गावपातळीवरील इतक्या स्पष्ट पर्यावरणीय अधिकारांची दुसरी तरतूद आपल्याकडे क्वचितच सापडेल.

कायदा झाला तरी देशभर समित्या नेमण्याचे काम दीर्घकाळ रेंगाळले. अखेर प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढे गेला. २०१९ मध्ये लवादाने मुदत घालून दिली. ३१ जानेवारी २०२० पर्यंत समित्या आणि नोंदवह्या पूर्ण न करणाऱ्या राज्याला दरमहा १० लाख रुपये भरावे लागतील, असे बजावले. त्यानंतर सर्वत्र एकच धावपळ उडाली. जे काम दीड दशकात झाले नव्हते, ते काही महिन्यांत उरकण्याची वेळ आली. मुदतीच्या धाकाने झालेल्या कामात संख्या गाठली जाते, पण काम रुजायला वेळ मिळत नाही. समिती कागदावर स्थापन होणे आणि ती गावात जिवंत असणे यांतले अंतर याच घाईत वाढले.

लोकजैवविविधता नोंदवहीची कल्पना मुळात निराळी होती. ज्येष्ठ परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९९० च्या दशकात तिचा पाठपुरावा केला, तेव्हा गावकऱ्यांनी स्वतः आपल्या परिसराची नोंद करावी आणि ती करता करता त्याच्या व्यवस्थापनाचा विचार करावा, हा हेतू होता. गोव्याच्या संदर्भात अशी नोंद किती समृद्ध होऊ शकते, याची कल्पना करून पाहावी. खाजन शेतीत खारे पाणी सोसणारा कोरगुट भात, काणकोणातील खोल्याची मिरची, मानकुराद आंबा, म्हादईच्या काठावरची पुरण शेती, कुळागरातील पाटाच्या पाण्याची वाटणी, वैद्यकी जाणणाऱ्या वृद्धांच्या स्मरणातील औषधी वनस्पती. यांतील कितीतरी ज्ञान एका पिढीच्या हाती उरले आहे. ते विचारायला वेळेत कोणी गेले नाही, तर पुढे विचारायला माणूसच नसेल.

अशा नोंदीचे मोल केवळ भावनिक नाही. कायद्याच्या ३७ व्या कलमानुसार स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून राज्य सरकार एखाद्या जागेला जैवविविधता वारसास्थळ घोषित करू शकते. डिचोली तालुक्यातील सुर्ल गावच्या पुर्वतळी राईला हा दर्जा मिळाला. सीमेपलीकडे दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे येथे रानजायफळाची दलदल असलेली जेमतेम २.५९ हेक्टर जागा महाराष्ट्राने २०२१ मध्ये वारसास्थळ म्हणून घोषित केली. अशाच प्रकारची दुर्मीळ दलदल आपल्या सत्तरीत बांबर येथील निरंकाराच्या राईतही आहे. या राया टिकल्या त्या लोकांच्या श्रद्धेमुळे. देवाचे वन म्हणून तिथे कुऱ्हाड चालली नाही. श्रद्धेचा धाक जिथे ओसरू लागतो, तिथे कायद्याचे कुंपण उपयोगी पडते आणि त्या कुंपणाची पहिली मेढ गावच्या समितीलाच रोवावी लागते.

कुडचडे येथील नंदा तळे २०२२ मध्ये गोव्याचे पहिले रामसर स्थळ ठरले. पावसाळ्यानंतर तिथे साठवलेल्या पाण्यावर खालच्या अंगाची भातशेती होते आणि मासेमारीही चालते. म्हणजे या पाणथळ जागेचे महत्त्व तिच्या वापरापासून वेगळे काढता येत नाही. पक्षी, पाणी आणि शेतकरी एकाच व्यवस्थेचे भाग आहेत. अशा ठिकाणी पाणी केव्हा अडवायचे आणि केव्हा सोडायचे, हे तिथे पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्यांना विचारल्यावाचून कोणताही आराखडा पुरा होणार नाही.

गोमंतकाला सामूहिक व्यवस्थापन नवे नाही. सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन शतकानुशतके राखली गेली ती गावकारीच्या शिस्तीमुळे. बांधांची डागडुजी, मानशीची उघडझाप आणि मासळीच्या हक्काचा लिलाव या सर्वांचे नियम ठरलेले होते. पुढे कोमुनिदादींचे वर्चस्व ओसरले, १९६४ च्या कूळ कायद्यानंतर जबाबदारी कूळ संघटनांकडे आली. काही ठिकाणी मानशीच्या लिलावातील उत्पन्न महत्त्वाचे ठरले, मासळीसाठी खारे पाणी शेतात राहू दिले गेले आणि बांध खचले. जुन्या व्यवस्थेत जातीची आणि मालकीची विषमता होती, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मात्र तिच्यातून एक धडा घेता येतो. राखण करणाऱ्याच्या हाती अधिकार, निधी आणि उत्तरदायित्व ही तिन्ही एकत्र असतील, तरच राखण टिकते.

आजच्या समित्यांची दुबळी बाजू नेमकी इथे आहे. त्यांच्यावर जबाबदारी टाकली आहे, पण पूर्णवेळ सचिव नाही, नियमित निधीची हमी नाही. स्थानिक जैवविविधता निधीची तरतूद कायद्यात आहे. तो निधी शुल्क आणि अनुदान यांवर अवलंबून असल्याने जिथे संसाधनांचा मोठा व्यापार नाही, तिथे तो रिताच राहण्याचा संभव. दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. समिती नेमते पंचायत, आणि बांधकामाचा परवानाही देते पंचायतच. पंचायतीच्या निर्णयावर आक्षेप घेण्याची वेळ आली, तर तिनेच नेमलेले सदस्य किती ठाम राहतील? उत्साही सदस्य असले की वृक्षारोपण, तळ्यांची सफाई, बीजसंवर्धन असे उपक्रम होतात. ते स्तुत्यच आहेत. पण तळे साफ करणाऱ्या समितीला, त्या तळ्याच्या पाणलोटात भराव पडत असताना कोणी विचारतच नसेल, तर तिच्या श्रमांना अर्थ काय उरतो?

त्यातच कायद्याची चौकटही बदलली आहे. २०२३ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली. पूर्वी उल्लंघनासाठी कारावासाची तरतूद होती. आता त्याऐवजी १ लाख ते ५० लाख रुपयांचा दंड आहे. कारावासाची भीती काढून टाकल्याने उद्योगांना सुलभता आली, असे समर्थक म्हणतात. मोठ्या कंपनीला दंड हा धंद्यातील एक खर्च वाटेल, अशी टीकाकारांची शंका आहे. दोन्ही बाजू मान्य केल्या तरी एक गोष्ट उरते. उल्लंघन झाले हे आधी कोणाच्या तरी लक्षात यायला हवे. ती नजर गावातच असू शकते.

जमीन रूपांतराचा वाद गोव्यात धगधगत असताना या नोंदवहीचे महत्त्व आणखी वाढते. नगर नियोजन कायद्याच्या १७(२) कलमाखालील नियम मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केले. डोंगरकापणी आणि सखल जमिनीतील भरावांविरुद्ध त्याच कायद्यात १७अ कलम आहे. परंतु प्रत्येक वेळी नागरिकांना न्यायालयाची पायरी चढावी लागते आणि तिथे पहिला प्रश्न पुराव्याचा असतो. या उतारावर झरा होता का? या शेतात पाणी साचत होते का? अधिकृत समितीने, तारखेसह, ग्रामसभेपुढे वाचून मंजूर केलेली नोंद असेल, तर ते उत्तर केवळ आंदोलकांचे म्हणणे राहणार नाही.

यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. वर्षातून एकदा ग्रामसभेत नोंदवहीतील सार्वजनिक भाग वाचून दाखवावा आणि तीत भर घालावी. औषधी ज्ञानासारखा जो भाग गोपनीय राखायचा, तो वेगळा ठेवावा. झोन बदलाचा वा मोठ्या बांधकामाचा प्रस्ताव आला की पंचायतीने समितीचे लेखी मत घेऊन ते इतिवृत्तात नोंदवावे. मत फेटाळायचे असल्यास कारण द्यावे. राज्य मंडळाने प्रत्येक समितीला लहान का होईना, ठरावीक वार्षिक निधी द्यावा. गावच्या शाळा आणि जवळची महाविद्यालये यांना नोंदींच्या कामात जोडून घेतल्यास मनुष्यबळाचा प्रश्नही हलका होईल.

सेवाभावाने काम करणाऱ्यांकडून आपण श्रमाची अपेक्षा करतो, मत मात्र मागत नाही. येत्या ग्रामसभेत एखाद्या नागरिकाने उठून साधा प्रश्न विचारावा: आपल्या समितीचे सदस्य कोण, आणि नोंदवही कुठे आहे? ती कपाटातून बाहेर आली, तर निम्मे काम झाले. उरलेले निम्मे, म्हणजे तिच्यातील नोंद निर्णयाच्या वेळी विचारात घेतली जाणे, हे ग्रामसभेला पुन्हा पुन्हा विचारून पदरात पाडून घ्यावे लागेल.