विद्यार्थी जामिनावर, लॅपटॉप मात्र मुद्देमालात

नवी दिल्ली : अटक झालेला विद्यार्थी जामिनावर सुटला, तरी त्याच्यासोबत जप्त झालेला लॅपटॉप आणि मोबाइल लगेच सुटतोच असे नाही. तपास, न्यायवैद्यक तपासणी आणि आरोपपत्र अशा टप्प्यांतून जाताना ही उपकरणे पोलिसांच्या ताब्यात दीर्घकाळ राहू शकतात. प्रबंधाचा मसुदा, संशोधनाच्या नोंदी आणि परीक्षेची तयारीही त्यांच्यासोबत अडकते. दोष सिद्ध होण्याआधीच होणारे हे नुकसान न्याय्य आहे का, हा या वादाचा गाभा आहे.

हा प्रश्न 2021 मध्ये पाच प्राध्यापक-संशोधकांनी सर्वोच्च न्यायालयात नेला. जप्तीमुळे शैक्षणिक लेखन नष्ट होण्याचा, त्यात फेरफार होण्याचा किंवा ते अकाली उघड होण्याचा धोका संभवतो, असे त्यांचे म्हणणे होते. पत्रकारांच्या संघटनेनेही अशीच याचिका केली. नोव्हेंबर 2023 मध्ये न्यायालयाने यंत्रणांच्या अमर्याद अधिकारांबद्दल चिंता व्यक्त करून केंद्राला मार्गदर्शक तत्त्वे आखण्यास सांगितले. तोपर्यंत केंद्रीय यंत्रणा सीबीआयच्या 2020 च्या नियमपुस्तिकेचे पालन करतील, अशी हमी डिसेंबरमध्ये सरकारने दिली. ही हमी केंद्रीय यंत्रणांपुरती होती. कायदा व सुव्यवस्था हा राज्यांचा विषय असल्याने राज्य पोलिसांना ती लागू होत नाही.

कायद्यात मुदती नाहीत, असे नाही. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच जप्त वस्तू पंधरा दिवस ते फार तर एक महिन्यापेक्षा अधिक काळ पोलीस ठाण्यात ठेवू नयेत, असे म्हटले होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नुसार झडती व जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक आहे. कलम 497 नुसार मालमत्ता न्यायालयापुढे सादर झाल्यावर 14 दिवसांत तिचे विवरण तयार करावे लागते आणि त्यानंतर 30 दिवसांत तिच्या विल्हेवाटीचा वा परतीचा आदेश द्यावा लागतो.

खरी मेख येथेच आहे. ही मुदत जप्तीच्या दिवसापासून नव्हे, तर वस्तू न्यायालयापुढे आल्यापासून मोजली जाते. तोवर मालकाला दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून, बंधपत्र देऊन ताबा मागावा लागतो. वकिलाचा खर्च आणि तारखांचे हेलपाटे परगावी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला परवडतातच असे नाही.

पोलिसांची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. जप्त केलेल्या वाहनाचे छायाचित्र काढून ते परत देता येते. मोबाइलचे छायाचित्र काहीच सिद्ध करत नाही, कारण त्यात पुरावा आतील माहितीत असतो. मूळ उपकरण परत दिल्यानंतर ती माहिती पुसली गेली, तर खटलाच कमकुवत होईल. उलट, सीलबंद न केलेल्या उपकरणात पोलिसांनीच फेरफार केल्याचा आरोप बचाव पक्षही करू शकतो.

या पेचावर तांत्रिक उत्तर उपलब्ध आहे. मालक आणि पंचांसमोर उपकरणाची तंतोतंत प्रत काढून तिचे ‘हॅश’ मूल्य, म्हणजेच माहितीचा डिजिटल ठसा, पंचनाम्यात नोंदवता येतो. पुढे एक अक्षर बदलले तरी ठसा जुळत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमातील प्रमाणपत्राच्या नमुन्यातही या मूल्याची नोंद अपेक्षित आहे. अशी प्रत सुरक्षित राहिल्यास मूळ उपकरण, किंवा निदान विद्यार्थ्याच्या अभ्यासाची प्रत, परत देण्यास हरकत उरत नाही. बेकायदा मजकूर असलेली किंवा गुन्ह्याचे साधन ठरलेली उपकरणे अर्थातच यास अपवाद राहतील.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय पीठाने 2017 मध्ये खासगीपणाला मूलभूत हक्काचा दर्जा दिला. उपकरणाच्या जप्तीत हा हक्क आणि तपासाची गरज समोरासमोर येतात. प्रत काढण्याची मुदत ठरवणारे आणि राज्य पोलिसांनाही बांधणारे नियम होत नाहीत, तोवर या दोहोंचा तोल तपास अधिकाऱ्याच्या मर्जीवरच अवलंबून राहील. जामिनावर सुटलेल्या विद्यार्थ्याचे सत्र मात्र त्यासाठी थांबणार नाही.