ज्वाळा नाही, धोका आहे

गॅस संपला की अनेक घरांत इंडक्शन शेगडी लावतात. "हिला ज्वाळाच नाही, मग भीती कशाची?" असे लोक म्हणतात. मला हे पटत नाही.

ही शेगडी चुंबकीय शक्तीने भांड्याचा तळ तापवते. भांड्यामुळे वरची काचही तापते. शेगडी बंद केली तरी काच काही वेळ गरम राहते. ते डोळ्यांना दिसत नाही. लहान मुले हात लावतात आणि भाजतात.

मोठा धोका तर भिंतीवर असतो. २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर वीज घेते. घरातील लहान पॉइंट ६ अँपिअरचा असतो. शेगडीचा मोठा प्लग त्यात बसत नाही, म्हणून काही जण मध्ये कन्व्हर्शन प्लग लावतात. मग वायर तापते, प्लग वितळतो, कधी आगही लागते. शेगडीला पैसे देतो, मग १६ अँपिअरच्या, अर्थिंग असलेल्या पॉइंटसाठी कुरकुर का करावी?

मुलांनो, तुमच्या घरी शेगडी कोठे लावली आहे, ते आज पाहा. पॉइंट लहान असेल, तर अम्मी-अब्बांना सांगा आणि वायरमनला बोलवा. शहाणपणाची गोष्ट लहानांनी सांगितली, तरी मोठ्यांनी ऐकावी.