दाढीचं मशीन रुसलं तर काय करावं?



या खेपेस आम्ही विजेच्या दाढीच्या मशीनविषयी लिहीत आहोत. विषय किरकोळ वाटेल. पण ज्यांचा हात थरथरतो, जे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांना डॉक्टर बहुधा ब्लेड सोडून हेच मशीन वापरायला सांगतात. शिवाय वायिक्राच्या १९व्या अध्यायातली आज्ञा मानून दाढीला वस्तरा न लावणारेही आपल्यात आहेत. अशा एकट्या राहणाऱ्या आजोबांचं मशीन शुक्रवारी दुपारी बंद पडलं, तर शब्बाथला तसंच बसायचं किंवा मुलाला कामावर फोन करायचा. आपली दाढी आपल्या हाताने करता येणं ही म्हातारपणी लहान गोष्ट नव्हे.

बंद पडलेलं प्रत्येक मशीन मेलेलं नसतं. टाकून देण्याआधी भिंतीपासून पात्यापर्यंत ओळीने तपासा.

पहिली भिंत. न्यूझीलंडमध्ये भारतासारखाच सॉकेटला खटका असतो. इस्राएलहून आलेल्या मंडळींना त्याची सवय नसते. प्लग लावतात आणि खटका तसाच राहतो. त्याच सॉकेटला टेबलावरचा दिवा लावून बघा. काही घरांत बाथरूममधलं शेव्हरचं सॉकेट आरशावरचा दिवा लावला तरच चालू होतं. भारत, इस्राएल आणि इथली वीज सारखीच, २३० व्होल्टची. फरक फक्त पिनांचा. इथल्या पिना चपट्या आणि तिरक्या. तेव्हा तिकडून आणलेल्या मशीनला जोडपिन लावली असेल, तर ती सैल नाही ना ते पाहा.

दुसरा चार्जर. इथे बालमित्रांचं काम! चार्जरवरची बारीक अक्षरं आजोबांना दिसत नाहीत. प्लग मोठ्यांनी काढून दिला की तुम्ही ‘आउटपुट’पुढचा व्होल्टचा आकडा वाचा आणि मशीनच्या माहितीपत्रकाशी जुळतो का ते सांगा. पिन बसते म्हणून दुसऱ्या कुठल्या यंत्राचा चार्जर लावू नका. व्होल्ट जास्त असले तर मशीन आतून जळतं. इथल्या घरांत ओल फार, त्यामुळे चार्जिंगच्या टोकांवर हिरवट-पांढरा थर चढतो. वायर काढून कोरड्या कापडाने तो पुसा.

तिसरी बॅटरी. ओमेरच्या दिवसांत जे दाढी करत नाहीत, त्यांचं मशीन महिनाभर कपाटात पडून असतं. नुसती पडून राहिली तरी बॅटरी उतरत जाते. पूर्ण उतरली की चार्जिंगला लावल्यावर लगेच दिवासुद्धा लागत नाही. घाबरू नका; कोणीतरी घरात जागं असताना तासभर लावून ठेवा. जुन्या पद्धतीच्या बॅटरीला आठ तासही लागतात. बहुतेक मशीनं ५ ते ३५ अंशांत चार्ज करायची असतात. साउथ आयलंडमधल्या हिवाळ्यात गारठलेल्या बाथरूमपेक्षा बैठकीची खोली बरी.

चौथं बटण. १९३९ साली फिलिप्सच्या अलेक्झांद्र होरोविट्झ या इंजिनीअरनी गोल पात्यांचं मशीन काढलं, ते वायर लावूनच चालायचं. आता उलट आहे. पाण्याखाली धुता येणारी बरीच मशीनं वायर लावलेली असताना चालूच होत नाहीत, सुरक्षेसाठी तशीच बनवलेली असतात. वायर काढा आणि मग बटण दाबा. कुलपाचं चित्र दिसत असेल तर तो प्रवासातला लॉक. बटण तीनेक सेकंद दाबून धरलं किंवा चार्जिंगला लावलं की बहुधा सुटतो.

पाचवी पाती. वरचं डोकं काढून मशीन चालू करा. आता गुणगुणलं तर मोटर ठीक आहे, डोक्यात केस अडकलेत. ब्रशने साफ करा. आपले पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी बंद ठेवीत, म्हणून शनवार तेली म्हणवले. तेव्हा तेलाचं महत्त्व आपल्याला कोणी सांगायला नको! पात्यांना तेल द्या असं माहितीपत्रकात असेल तर शिवणयंत्राचं तेल थेंबभर पुरे. खोबरेल नको, इथल्या थंडीत ते गोठतं.

एवढं करूनही हाललं नाही, तर मशीन उघडत बसू नका. बॅटरी फुगली, तापली किंवा वास आला तर चार्जिंग ताबडतोब बंद. असं मशीन घरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. लिथियम बॅटरी दबली की कचऱ्याच्या गाडीत आग लागते. बॅटऱ्या घेणाऱ्या केंद्रात द्या.

मशीन इथल्या दुकानातून घेतलेलं असेल तर पावती शोधा. १९९३च्या ग्राहक हमी कायद्याप्रमाणे वस्तू वाजवी काळ टिकली पाहिजे. गॅरंटीचं वर्ष संपलं म्हणून दुकानदाराची जबाबदारी आपोआप संपत नाही. इंग्रजी बोलायला संकोच वाटत असेल तर नातवंडाला बरोबर न्या.

आणि एक सवय लावून घ्या. मशीन गुरुवारी चालवून बघा. बिघाड असलाच तर शुक्रवारचा अख्खा दिवस हाताशी राहतो.

शब्बाथ शालोम!