कांदेवाल्याचा स्पीकर

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या बैठकीत एक अर्ज आला. खाली अकरा सह्या. विषय, गेटसमोर उभ्या राहणाऱ्या कांद्याच्या टेम्पोवरचा स्पीकर बंद करण्याबाबत. सेक्रेटरींनी तो वाचून दाखवला, माना डोलल्या आणि ठराव जवळजवळ झालाच. मी तिसऱ्या रांगेतून हात वर केला, बोललेसुद्धा, पण माझं बोलणं पहिल्या रांगेपर्यंतही पोचलं नाही. माझ्या आवाजाची कथा पुढे येईलच. तिथे जे म्हणता आलं नाही ते इथे लिहिते आहे.

हा टेम्पो जुन्नरकडचा. गुरुवारी पहाटे काळाचौकीत येतो आणि आमच्या गल्लीत माल संपेपर्यंत उभा असतो. कधी शनिवार उजाडतो, कधी रविवार. तेवढे दिवस टेम्पो हेच त्या माणसाचं दुकान आणि तेच घर. पहिल्या दिवशी घरून आणलेली भाकरी आणि ठेचा, मग वडापाव. अंघोळीला पैसे मोजून सार्वजनिक शौचालयात जायचं. रात्री रिकाम्या गोणपाटांवर पथारी, उशाशी पाण्याचा कॅन, पायाशी डासांची अगरबत्ती. "बाई, लॉजवर झोपलो तर कांदा कुणासाठी विकायचा?" असं एकदा म्हणाला. इथे सगळेच मला बाई म्हणतात, त्यामुळे तोही म्हणतो.

स्पीकर आहे नारळापेक्षाही लहान. वायर नाही. फोन खिशात आणि डबा टेम्पोच्या फाळक्याला दोरीने टांगलेला. हे ब्लूटूथ म्हणजे काय ते मला नातवाने समजावलं. डेन्मार्कच्या दहाव्या शतकातल्या हॅरल्ड नावाच्या राजाच्या टोपणनावावरून ते नाव पडलं म्हणे! त्या राजाला स्वप्नातही वाटलं नसेल, की आपलं नाव काळाचौकीत कांदे विकेल. असो. दिवसा त्या डब्यातून त्याने स्वतःच्या आवाजात भरलेली जाहिरात चालते, "कांदा, बटाटा, लसून". (होय, 'लसून'. प्रत्येक वेळी माझ्या हातात लाल पेन्सिल शिवशिवते.) कुणाचा फोन आला की जाहिरात थांबते आणि तो डब्यातूनच बोलतो, कारण हात मातीने भरलेले असतात आणि एका हातात तराजू. गाडीतल्याच सॉकेटवर डबा चार्ज होतो. दुकानाची पाटी, फोन आणि रात्रीची सोबत, सगळं त्या एका डब्यात.

आता अर्जदारांची बाजू. ती खोटी नाही. मलाही त्या जाहिरातीचा वैताग येतो. तोंडाने ओरडणारा फेरीवाला दम घ्यायला थांबतो, तेवढीच ऐकणाऱ्याला उसंत मिळते. डब्याला दम लागत नाही. पहिल्या मजल्यावर तान्हं मूल आहे, समोरचा मुलगा रात्रपाळी करून सकाळी झोपतो. त्यांनी तक्रार केली तर मी त्यांना दोष देणार नाही.

पण म्हणून बंदच? हा माणूस पूर्वी तोंडानेच ओरडायचा. तेव्हा शनिवारपर्यंत त्याचा घसा पार बसलेला असायचा. बसलेला घसा मी ओळखते. तेहेतीस वर्षं मराठी शिकवलं, एकेका वर्गात साठ-साठ मुलं, बाहेर रस्ता, डोक्यावर खडखडणारे पंखे. शेवटच्या बाकावरच्या मुलाला कविता ऐकू गेलीच पाहिजे हा माझा हट्ट. शेवटच्या काही वर्षांत आवाज फाटायला लागला. डॉक्टरांनी स्वरतंतूंवर गाठी आल्याचं सांगितलं आणि महिनाभर मौन. परत रुजू झाले तेव्हा मी शाळेकडे एक छोटा माइक मागितला. "बाई, वर्गात काय सभा घ्यायची आहे?" असं उत्तर मिळालं आणि स्टाफरूम हसली. मीही हसले. नंतरची चार वर्षं तशीच ओरडून काढली. आज फोनवर लोक मला "काका" म्हणतात. आवाज हे ज्याचं हत्यार, त्याचं ते हत्यार किती लवकर झिजतं हे बाकीच्यांना कळत नाही. मास्तर, फेरीवाला, कंडक्टर, सगळ्यांची तीच गत.

आणि आवाजाचं म्हणाल तर आपण गिरणगावातली माणसं. माझे वडील गिरणीत होते. पहाटेच्या भोंग्यावर आमची चाळ उठायची, दुपारच्या भोंग्यावर डबे निघायचे. चाळीत एकाकडे रेडिओ होता, त्यावरची 'कामगार सभा' मोठ्याने लागायची आणि अख्खा मजला ऐकायचा. त्याला कुणी गोंगाट म्हटलं नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि हळूहळू एकेक भोंगा मुका झाला. त्या भोंग्याच्या आठवणी काढून गहिवरणाऱ्या दोघांच्या सह्या या अर्जावर आहेत!

अर्जात कायद्याचाही हवाला आहे, म्हणून मी तो जरा पाहिला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सणासुदीला वर्षातून १५ दिवसांपर्यंत सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. नियम चांगले आहेत आणि ते डब्यालाही लागू व्हावेत. पण गणपतीच्या आगमनाला स्पीकरच्या भिंती रस्त्यावरून जातात, आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात, माझ्या छातीत धडधडतं, तेव्हा हा कायदा कुणाला आठवत नाही. तेव्हा आपण गॅलरीत उभे राहून मोबाइलवर शूटिंग करतो. मी गणपतीच्या विरोधात नाही, वर्गणी मीही देते. पण मोठ्या आवाजापुढे गप्प राहायचं आणि नारळाएवढ्या डब्यावर अर्ज करायचा, यात मला शौर्य दिसत नाही. त्या भिंतीला मंडळ आहे, कार्यकर्ते आहेत. या डब्यामागे एकटा माणूस आहे आणि त्याला मतही इथे नाही.

एक रात्र सांगते. नऊ-साडेनऊ झाले असतील. मी गॅलरीत कपडे काढत होते. खाली टेम्पोत तो सडके कांदे निवडत बसला होता आणि डब्यातून बारीक आवाजात एक मुलगी वाचत होती. त्याची चौथीतली लेक. रोज रात्री ती फोनवर त्याला धडा वाचून दाखवते. एका जोडाक्षराला अडखळली, पुन्हा अडखळली. तो काही बोलेना. त्यालाही ते येत नसावं. माझ्या तोंडून वरूनच शब्द निघाला, पण तो काही खाली पोचला नाही. मग मी जिना उतरून गेले.

तेव्हापासून गुरुवार ते शनिवार मी खाली असते. पंधरा मिनिटं. फोनपाशी तोंड नेऊन हळू बोलले तरी तिकडे जुन्नरला ऐकू जातं. उभ्या जन्मात मला इतकं हळू शिकवायला मिळालं नव्हतं.

जाहिरातीबद्दल त्याच्याशी बोलले आहे. दुपारी एक ते चार बंद, सकाळी नऊच्या आधी नाही, आणि एकदा वाजली की पाच मिनिटं गप्प. रात्रपाळीवाल्या मुलाचं तेवढ्याने भागत नाही, म्हणून सकाळी टेम्पो त्याच्या खिडकीपासून पुढे, पिंपळाजवळ लावायचा. त्याने लगेच कबूल केलं. त्याला आधी कुणी विचारलंच नव्हतं.

ठराव पुढच्या बैठकीत पुन्हा यायचा आहे. बैठक शनिवारी संध्याकाळी आहे, म्हणजे टेम्पो इथेच असेल. त्या डब्याला माइकही जोडता येतो असं नातू म्हणाला. कांदेवाल्याला विचारून ठेवलं आहे, अर्ध्या तासासाठी तो देईल.