हुकूम मोडला, तरी बक्षीस!



परवा चौथीच्या वर्गात ही गोष्ट सांगत होते. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, साहेबाचा हुकूम मोडला तरी बक्षीस?" आता तुम्हीच ऐका आणि ठरवा.

एडवर्ड इव्हान्स हा ब्रिटिश आरमारातला अधिकारी. जन्म १८८० चा. लहानपणी भारी उनाड! पण 'वुस्टर' या शिकाऊ जहाजावर गेला आणि मग १८९७ मध्ये आरमारात दाखल झाला. १९१० साली कॅप्टन स्कॉट दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर निघाला, तेव्हा इव्हान्स त्याचा उपप्रमुख होता.

४ जानेवारी १९१२. ध्रुव अजून सुमारे २७० किलोमीटर दूर होता. स्कॉट चौघांना घेऊन पुढे गेला. इव्हान्सला मात्र परत फिरावं लागलं. सोबत दोनच खलाशी, लॅशली आणि टॉम क्रीन.

वाटेत इव्हान्सला स्कर्व्ही झाला. आवळा, लिंबू, पेरू यांतून मिळणारं 'क' जीवनसत्त्व पोटात गेलं नाही, की हा रोग होतो. पुढे तर त्याला उभंही राहवेना. त्यानं हुकूम सोडला, मला इथंच ठेवा आणि तुम्ही जा. दोघांनी साफ नकार दिला! त्याला घसरगाडीवर बांधलं आणि ओढत निघाले.

शेवटी त्यांचीही ताकद संपली. १८ फेब्रुवारीला लॅशली तंबूत आजाऱ्यापाशी थांबला. क्रीन एकटा मदत आणायला निघाला. खिशात तीन बिस्किटं आणि चॉकलेटच्या दोन कांड्या. छप्पन्न किलोमीटर बर्फ तो अठरा तासांत तुडवत गेला! मग कुत्र्यांच्या गाड्या धावल्या आणि इव्हान्स वाचला. स्कॉट आणि त्याचे चार सोबती मात्र परतलेच नाहीत.

लॅशली आणि क्रीन यांना शौर्याबद्दल 'अल्बर्ट पदक' मिळालं.

आणि इव्हान्स? १९१७ मध्ये 'ब्रोक' या युद्धनौकेवर त्यानं मोठा पराक्रम गाजवला. १९२१ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ 'हाँग मोह' हे प्रवासी जहाज खडकावर आदळलं. इव्हान्स तेव्हा 'कार्लाइल' युद्धनौकेचा कप्तान होता. खवळलेल्या समुद्रात तो स्वतः पोहत त्या जहाजावर गेला. त्याच्या माणसांनी दोनशेहून जास्त प्रवासी वाचवले. पुढे तो ॲडमिरल झाला.

गोष्ट संपली तशी पुढच्या बाकावरची एक चिमुरडी म्हणाली, "बाई, त्याला कुणी टाकून गेलं नव्हतं ना, म्हणून तोही गेला नाही."

मला काही बोलायचं उरलंच नाही. तुम्हांला काय वाटतं? घरी आई-बाबांनाही विचारा हं!

तुमच्या बाई