डाव्या पुडीची कणीक

आषाढात आजऱ्यात पाऊस लागला की आठ-आठ दिवस दुसरा आवाज कानी पडत नाही. आमच्या पडवीवर पत्रा आहे. त्यावर सरी कोसळायला लागल्या की शेजारी बसलेल्या माणसाशीही आवाज चढवून बोलावं लागतं. अशाच एका संध्याकाळी कुरिअरवाला मुलगा रेनकोटाच्या आत छातीशी धरून एक खोका घेऊन आला. पाण्याचा एक थेंबही त्यानं खोक्याला लागू दिला नव्हता. त्याला चहा पाजल्याशिवाय मी सोडलं नाही.

खोक्यात माझे नवे हेडफोन होते. महिन्याच्या पेन्शनपेक्षा जास्त किमतीचे. तीस वर्षं शाळेत शिकवलं आणि त्या तीस वर्षांत गाणं ऐकलं ते भाजी चिरताना, वह्या तपासताना, एसटीच्या खिडकीशी बसून. निवृत्तीनंतर एकच हौस धरली होती, की जे आयुष्यभर जाता-येता ऐकलं ते एकदा बसून, दुसरं काहीही न करता ऐकायचं.

पहिल्यांदा लावली ती अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी. खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले, १९३७ साली गेले. म्हणजे ही तबकडी माझ्या आईच्याही आधीची. सुरुवातीची सारंगीसारखी हलकी लकेर मला पाठ आहे. पण त्या संध्याकाळी कानात आली ती खरखर. आवाज बारीक, तळ नाहीच. आणि सगळ्यांत विचित्र म्हणजे खाँसाहेब समोर बसलेले वाटेनात, ते माझ्या टाळूच्या खाली, दोन्ही कानांच्या बरोबर मध्ये गात होते. अर्ध्या तासात कानशिलं ठणकायला लागली. चष्म्याच्या काड्या आणि हेडफोनची पकड यांच्यामध्ये कानामागची कातडी चिमटली होती. मी ते काढून ठेवले आणि खूप वेळ नुसती पाऊस ऐकत बसले. मन खट्टू झालं होतं.

पुण्याच्या भाच्यानं फोनवर पहिला प्रश्न विचारला, "मावशी, थेट मोबाइललाच लावलेत का?" लावले होते. या हेडफोनचा रोध तीनशे ओहम. तेवढ्या रोधातून पडदा नीट हलवायचा तर जेवढा विद्युतदाब लागतो तेवढा मोबाइल देऊ शकत नाही. त्यानं काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा ॲम्प्लिफायर पाठवला. तो जोडल्यावर आवाजाला अंग आलं. तरीही निम्मी नाराजी उरलीच, आणि तिच्यावर कुठलाही डबा उपाय नव्हता.

पकडीचं मात्र लवकर जमलं. रात्री हेडफोन डोक्यापेक्षा थोड्या रुंद वस्तूवर ताणून ठेवायचे, म्हणजे वरची पट्टी हळूहळू सैल पडते. घरात त्या मापाचं काय आहे म्हणून शोधलं तर शिवाजी सावंतांची तीन जाडजूड पुस्तकं सापडली. मृत्युंजय, छावा आणि युगंधर शेजारी शेजारी उभी केली की बरोबर माप होतं. सावंत आमच्या आजऱ्याचे, जन्म १९४०चा. मृत्युंजय १९६७ साली आलं तेव्हापासून या गावाला कर्ण घरच्यासारखा आहे. कर्ण म्हणजे कान, हे मुलांना शब्दार्थ म्हणून किती वेळा लिहून दिलं असेन! आठवडाभर त्या पुस्तकांनी माझ्या कानांची सोय पाहिली. दुसऱ्या आठवड्यात तासभर बसले तरी कानशिलांची आठवण झाली नाही. चष्म्याच्या काड्या तेवढ्या थोड्या वर उचलून घ्याव्या लागतात.

आमच्याकडची खरी चिंता दमटपणाची. जुलैत इथं कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते, तिथं कानावरच्या मऊ गाद्यांचं काय होणार? मी चामड्यासारख्या गाद्या टाळून कापडी घेतल्या, कारण त्यात कान घामेजत नाहीत. पण कापड दमट हवा पितं. म्हणून रात्री ते ज्या कपाटात ठेवते त्यात जुना पिवळा बल्ब लावते. हार्मोनियम असलेल्या घरांतून हा उपाय फार जुना आहे.

आता त्या उरलेल्या नाराजीबद्दल. हेडफोन शे-दीडशे तास वाजवले की आतून 'मोकळे' होतात असं शौकीन लोक सांगतात. गाद्या वापरानं दबतात, त्यामुळे पडदा कानाच्या जवळ येतो आणि आवाज थोडा बदलतो, एवढं मला पटतं. पण मला जो बदल जाणवला त्यातला बहुतेक माझ्यातच झाला, असं माझं मत आहे. १९९८ साली नेदरलँड्समधल्या नायमेगन इथल्या संशोधकांनी एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. चार माणसांच्या बाह्यकर्णाच्या वळ्यांत त्यांनी छोटे साचे बसवले. कानाचा आकार बदलताच त्या माणसांना आवाज वरून येतोय की खालून, हे कळेनासं झालं. कारण या वळ्यांवर आपटून आवाजात जे बारीक फरक पडतात, त्यांवरूनच मेंदू उंची ओळखतो. साचे तसेच ठेवले. काही आठवड्यांत ती माणसं नव्या कानांनी ऐकायला शिकली. साचे काढल्यावर जुनं ऐकणं जसंच्या तसं शाबूत निघालं, काहीही विसरलं नव्हतं.

हे वाचलं आणि खाँसाहेब टाळूखाली का गात होते ते उमगलं. रेडिओचा आवाज खोलीतून येतो, डोक्याला वळसा घालतो, कानाच्या वळ्यांना लागून आत शिरतो. हेडफोन यातलं पुष्कळसं वगळतात. त्यात ही तबकडी एकाच वाहिनीची, दोन्ही कानांना तंतोतंत सारखं ऐकवणारी. मग मेंदू त्या आवाजाला जागा देतो ती मधोमध. माझ्या कानांना चाळीस वर्षं रेडिओच्या खोक्याची घुमारी ठाऊक. त्या घुमारीलाच मी आवाजाचा तळ समजत होते. ती निघून गेली तेव्हा गाणं उघडं पडल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात खरखर गेली. म्हणजे ती तबकडीवर आहेच, तिथून कुठं जाणार? पण पत्र्यावरचा पाऊस जसा चार दिवसांनी ऐकू येईनासा होतो तशी ती बाजूला सरली आणि मागून खाँसाहेबांचा आवाज आला, ओलसर, अगदी जवळचा. श्वास घेतलेलाही कळावा इतका जवळचा.

माझे हेडफोन उघड्या पाठीचे आहेत. कानाबाहेरच्या बाजूला जाळी असते, आतला आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा आत येतो. सेनहायझर कंपनीनं १९६८ साली पिवळ्या स्पंजच्या गाद्यांचे पहिले असे हेडफोन काढले. त्याआधी कानावरची वाटी बंदच असायची. बंद वाटीत जग बाहेर राहतं. उघड्या पाठीच्यात आमचा पाऊसही मैफलीला बसतो. तो चढला की आवाज चढवायचा मोह होतो, आणि तिथंच सांभाळायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याची ४० तासांची मर्यादा सांगितली आहे. त्याच्यावर आवाज गेला की तास झपाट्यानं कमी होतात. मी नियमच केला आहे: पाऊस वाढला की आवाज वाढवायचा नाही, उठून माजघरात जायचं. तिथंही ऐकू येईना, तर त्या दिवशी गाणं नाही.

मल्लिकार्जुन मन्सूरांच्या मैफलीचं एक ध्वनिमुद्रण मी माजघरातच ऐकलं. सुरुवातीला नुसते तानपुरे. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा असतो; तो केसभर पुढेमागे सरकवला की तार घोडीच्या पाठीला घासू लागते आणि एका स्वरातून दहा स्वर फुटतात. हीच जवारी. मिरजेचे कारागीर घोडी घासून ती काढतात, आणि तिथल्या तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. जवारी हा शब्द मला ठाऊक होता. पण तार छेडल्यावर तो झंकार हळूहळू उमलतो, वर चढतो आणि विरता विरता रंग बदलतो, हे मी त्या दुपारी पहिल्यांदा ऐकलं. डोळे भरून आले.

पुढच्याच आठवड्यात आमच्या भजनी मंडळातले पखवाज वाजवणारे आण्णा आले. लावणीची गडबड, पायांवर चिखल, म्हणून पडवीतच बसले. मी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले आणि एका नामवंत गायकाचा अभंग लावला, मी स्वतः वीस-पंचवीस वेळा ऐकलेला. आण्णांनी डोळे मिटले. एक मिनिटही झालं नसेल.

"बाई, ह्याच्या डाव्या पुडीची कणीक वाळलीया बघा."

पखवाजाच्या डाव्या पुडीला ताज्या कणकेचा गोळा लावतात. त्यानं पुडी जड होते आणि धीरगंभीर बोलते. कणीक वाळली की तो ओला घुमार जातो, आवाज कोरडा होतो. मी पुन्हा लावून ऐकलं. खरंच होतं ते. वीस-पंचवीस वेळांत मला न ऐकू आलेलं आण्णांना एका मिनिटात ऐकू आलं, तेही आयुष्यात पहिल्यांदा हेडफोन लावून. मी साधनाशी जुळवून घेत बसले होते. त्यांचं जुळवणं पन्नास वर्षांपूर्वी पखवाजावरच होऊन गेलं होतं.

तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळते. मन्सूर शिकले ते अल्लादिया खाँसाहेबांच्या मुलांकडे, मंजी खाँ आणि बुर्जी खाँ यांच्याकडे. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी, आमच्या कोल्हापूरचे दरबारी गवई. १९४६ साली गेले. त्यांनी आपला आवाज तबकडीत उतरवू दिला नाही. जगातले सगळ्यांत महागडे हेडफोन आणले तरी तो आता कुणालाही ऐकू येणार नाही. ज्यांनी समोर बसून ऐकला त्यांनीच ऐकला. आमच्या मंडळाचं भजनही कुणी कुठं मुद्रित केलेलं नाही.

म्हणून श्रावणातल्या पहिल्या सोमवारी, पाऊस असूनही, हेडफोन कपाटात ठेवून भजनाला गेले आणि पखवाजाच्या अगदी जवळ बसले. आण्णा कणीक मळत होते. गोळा डाव्या पुडीवर थापला, बोटांनी कडा दाबल्या, एक थाप मारली. आवाज खोल गेला, पण बोल थोडा गुदमरला. आण्णांनी माझ्याकडे पाहिलं.

"थोडी जास्त झाली का हो?" मी विचारलं.

त्यांनी चिमूटभर कणीक काढली आणि पुन्हा थाप मारली.