प्रश्न विचारायला पदवी लागत नाही

तत्त्वज्ञान म्हणजे प्राध्यापकांचा, नाहीतर संसारातून मोकळ्या झालेल्या म्हाताऱ्यांचा विषय, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. बीड जिल्ह्यातल्या माणसानं तरी असं समजू नये. ‘विवेकसिंधु’ हा मराठीतला आद्य तत्त्वज्ञानग्रंथ मानला जातो, आणि तो लिहिणाऱ्या मुकुंदराजांची समाधी आपल्या अंबाजोगाईला आहे. त्याच अंबाजोगाईत संतकवी दासोपंतांनी सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर वेदान्तातलं पंचीकरण लिहून काढलं. तीच त्यांची प्रसिद्ध पासोडी. हा वारसा नुसता नमस्कार करण्यासाठी नाही, वापरण्यासाठी आहे.

तत्त्वज्ञानाच्या मुख्य शाखा पाच धरता येतील. त्यांची नावं पाठ करण्यापेक्षा प्रत्येकीचा प्रश्न समजून घ्या.

सत्ताशास्त्र विचारतं, मुळात खरं काय आहे? पासोडीतला विषय हाच. पंचीकरण सांगतं की आपल्या पायाखालची माती निव्वळ पृथ्वीतत्त्व नाही. तिच्यात अर्धा भाग पृथ्वीचा आणि बाकीच्या चार महाभूतांचा प्रत्येकी आठवा भाग असतो. आजचं विज्ञान पदार्थाची रचना वेगळी सांगतं, पण दिसतं त्यामागे काय आहे हा प्रश्न दोघांचाही आहे. आत्मा, काळ, कार्यकारण हे विषयही याच शाखेतले.

ज्ञानमीमांसा विचारते, तुम्हाला हे कशावरून कळलं? न्यायदर्शनानं ज्ञानाची चार साधनं मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द, म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं. चार्वाकांनी फक्त प्रत्यक्ष मानलं. हाच प्रश्न आपल्या ग्रंथालाही लावून पाहा. ‘विवेकसिंधु’ परंपरेनं शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८ चा मानतात; पण त्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. आपल्या अभिमानाच्या गोष्टीलाही ‘कशावरून?’ विचारता आलं पाहिजे.

तर्कशास्त्र पाहतं, या गोष्टीवरून ती गोष्ट खरंच निघते का? पाणाड्याच्या हातावरचा नारळ उभा राहिला, तिथं बोअर घेतलं, पाणी लागलं. म्हणून नारळाला पाणी कळतं, असं ठरतं का? त्याच पाणाड्यानं दाखवलेल्या किती जागा कोरड्या गेल्या? न दाखवलेल्या ठिकाणी किती जणांना पाणी लागलं? हे दोन प्रश्न कर्ज काढण्याआधी विचारा. यात पाणाड्याचा अपमान नाही, तुमच्या घामाच्या पैशाचा मान आहे.

नीतिशास्त्र विचारतं, योग्य काय? आपल्या जिल्ह्याला या शाखेची सर्वांत जास्त गरज आहे. इथून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, आणि कामावर गेलं नाही तर खाडा, म्हणजे दंड. या कष्टात बायकांची गर्भाशयं काढली जात असल्याची बाब २०१९ मध्ये राज्यभर गाजली. तेव्हा एक उत्तर सहज दिलं जात होतं: बाईची संमती होती, सही होती. इथंच थांबून विचार करा. उचल फिटलेली नाही, पाळीच्या दुखण्यात खाडा परवडत नाही, पुढं कॅन्सर होईल अशी भीती मनात घातलेली. अशा वेळी केलेल्या सहीला संमती म्हणायचं का? नफ्याचा वाटा कुणाला आणि शरीराची किंमत कुणी मोजायची? कायद्यात बसलं म्हणजे न्यायात बसलं का? माझं उत्तर स्पष्ट आहे: दुसरा मार्गच शिल्लक न ठेवता घेतलेला होकार हा होकार नव्हे. तुम्ही तुमचं उत्तर शोधा, पण प्रश्न टाळू नका.

पाचवी शाखा सौंदर्यशास्त्र. एखादं भारूड, एखादी गोधडी सुंदर का वाटते? ती फक्त आवड आहे, की दुसऱ्याला पटवून देता येईल असं त्यात काही आहे? हा प्रश्नही तितकाच आपला.

म्हणून आवाहन असं. गावातल्या वाचनालयात, शाळेत किंवा देवळाच्या ओट्यावर पंधरा दिवसांतून एक संध्याकाळ बसा. एका वेळी एकच प्रश्न घ्या. दुसऱ्याचं मत खोडण्याआधी ते त्याला पटेल अशा शब्दांत मांडून दाखवा. आपल्या शास्त्रकारांची पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाची बाजू, आधी मांडण्याची हीच शिस्त. जात, पक्ष आणि वय बाहेर ठेवा. वाचायला मराठी विश्वकोशातल्या नोंदी इंटरनेटवर फुकट मिळतात. दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला, १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ तालुक्याच्या ग्रंथालयाकडे मागा. नसेल तर तो आणण्यासाठी लेखी अर्ज द्या.

आणि ही बैठक फक्त पुरुषांची होऊ देऊ नका. साखर कारखान्यांचा हंगाम संपला की ऊसतोडीच्या टोळ्या गावी परततात. न्याय, संमती आणि शरीर हे विषय त्या टोळ्यांतल्या बायकांइतके जवळून कुणी पाहिलेले नाहीत. त्यांना बोलावून घ्या आणि पहिला प्रश्न त्यांना मांडू द्या.